खाऱ्या वाऱ्यातलं विमान : सुटे भाग कुठून घ्यावेत, सुरक्षेचा पैसा आधी कुठे घालावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडजवळ ट्रॉलरच्या इंजिनांची कामं करणाऱ्या एका मेकॅनिकने घाटावरच्या कुणाकडून अर्धवट बांधलेलं दोन सीटचं विमानाचं किट घेतलंय. सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, पंख डोक्यावर, जोडणी एकाच बाजूने बसवायच्या ब्लाइंड रिव्हेटची, इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस. आंब्याच्या पेट्या भरायच्या मांगरात ते उभं आहे. सोबत आलेल्या डब्यातले बरेच नट-बोल्ट हरवलेत, उरलेल्यांना गंज चढलाय. बोटींसाठी मिळणारे ३१६ स्टेनलेसचे बोल्ट चालतील का, बाकीचे भाग कुठून मागवायचे, आणि एकच मोठी खरेदी जमणार असेल तर अख्खं विमान खाली उतरवणारं पॅराशूट घ्यावं की डिजिटल डिस्प्ले, असं ते विचारतात.

मी तीस वर्षं विमानांच्या देखभालीत काढली, त्यातली शेवटची बरीचशी हलक्या विमानांवर आणि किनाऱ्यालगत. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी बोल्टचं. नाही, चालणार नाहीत. का चालणार नाहीत ते तुम्हाला पटवणं सोपं आहे, कारण तुम्ही बोटीवाले आहात. बोटीच्या बुडाला, पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे लावता, तुमच्या भाषेत नुसतं ‘झिंक’. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यातला एक झिजतो. तो पंखा किंवा शाफ्ट असू नये म्हणून तुम्ही मुद्दाम झिंक झिजायला देता. आता विमानाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्पारमध्ये, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईत, स्टेनलेसचा बोल्ट घाला आणि त्यावर चार महिने कोकणातली दमट हवा जाऊ द्या. त्या जोडीत झिंक कोण झालं? स्पार. बोल्ट वर्षानुवर्षं चकचकीत दिसत राहील आणि त्याच्याभोवतीचं भोक आतून पांढऱ्या भुकटीने भरत जाईल. विमानाच्या बोल्टला कॅडमियमचा मुलामा देतात तो यासाठीच. कॅडमियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांचं एकमेकांशी बरं जमतं.

आत्ता माझ्या टेबलावर दोन बोल्ट शेजारी ठेवलेत. एक बंदरावरच्या दुकानातला ५ मिलिमीटरचा, दुसरा विमानाचा एएन३, म्हणजे ३/१६ इंची, मापाने साधारण ४.७६ मिलिमीटर. पहिल्याला डोक्यापासून टोकापर्यंत आटे आहेत. दुसऱ्याला पाऊण भाग गुळगुळीत दांडा आणि फक्त टोकाला आटे. दांडा सोनेरी-पिवळसर आहे, डोक्यावर फुलीसारखी खूण आहे. दोन पत्रे एकमेकांवर सरकू पाहतात तेव्हा सगळा भार त्या गुळगुळीत दांड्यावर यायला हवा. आट्यांवर आला तर प्रत्येक आटा करवतीच्या दातासारखा भोकाच्या कडेत घुसतो आणि भोक हळूहळू लांबट होतं. शिवाय ५ मिलिमीटरचा बोल्ट ३/१६ च्या भोकात जातच नाही. तुम्ही ड्रिल मारून भोक वाढवणार, आणि मग योग्य बोल्ट आला तरी तो तिथे ढिला बसणार. ताकदीचंही सांगतो. एएन बोल्टची ताणशक्ती १,२५,००० पीएसआय, म्हणजे साधारण ८६० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. स्टेनलेसच्या बोल्टवर ए४-७० असा शिक्का असेल तर ती ७००. शिक्का नसेल तर काहीच गृहीत धरता येत नाही. स्टेनलेसचे स्क्रू हवेच असतील तर फेअरिंगला म्हणजे वरच्या नुसत्या आवरणांना, तपासणीच्या झाकणांना लावा. जिथे भार आहे तिथे अजिबात नाही.

खोट्या बोल्टने काय होतं याचं उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी देत असे. ८ सप्टेंबर १९८९ ला पार्टनएअर कंपनीचं कॉनव्हेअर ५८० जातीचं विमान डेन्मार्कजवळ समुद्रात पडलं. ५५ जण गेले. चौकशीत निघालं की शेपटीचा उभा पंख ज्या बोल्ट-पिनांनी धरला होता त्यातले काही बनावट होते, हव्या त्या ताकदीचे नव्हतेच. बाहेरून ते अगदी खऱ्यासारखे दिसत होते. म्हणून बोल्टसोबत येणारा कागद हा बोल्टचाच भाग आहे असं समजा. कोणत्या लॉटमधला, कुणी बनवला, कोणत्या मानकाला उतरला, हे लिहिलेलं प्रमाणपत्र नसेल तर तो माल तुमच्यासाठी भंगार.

आता मिळवायचे कुठून. पहिला दरवाजा किट बनवणाऱ्या कारखान्याचा. तुमच्याकडचा किटचा अनुक्रमांक त्यांना कळवा आणि नट-बोल्ट-रिव्हेटचा आख्खा संच पुन्हा मागवा. फक्त हरवलेले मागवू नका. आधीच्या माणसाच्या डब्यातलं काय खरं आणि काय मधेच कुठून आणून टाकलेलं हे आज तुम्हाला ओळखता येणार नाही. सगळ्या विमानाच्या खर्चापुढे हा संच स्वस्त आहे. रिव्हेटही तिथूनच. हार्डवेअरच्या दुकानातला पॉप रिव्हेट आणि किटचा ब्लाइंड रिव्हेट दिसायला भाऊ-भाऊ, पण धातू वेगळा, आत राहणाऱ्या खिळ्याची पकड वेगळी, आणि पंखाचं गणित त्या विशिष्ट रिव्हेटवर मांडलेलं असतं. दुसरा दरवाजा अमेरिकेतल्या एअरक्राफ्ट स्प्रूससारख्या जुन्या पुरवठादारांचा. ऑर्डर देताना प्रमाणपत्र हवं असं स्पष्ट लिहा.

मागवताना एक बारीक गोष्ट पाहा. एएन३-५ आणि एएन३-५ए हे दोन वेगळे बोल्ट आहेत. ‘ए’ असेल तर टोकाला कॉटर पिनचं, म्हणजे नट सुटू नये म्हणून घालायच्या पिनेचं, भोक नसतं. जिथे सांधा फिरतो, म्हणजे कंट्रोलचे दांडे, बेलक्रँक, रडरचे पेडल, तिथे भोकवालाच बोल्ट, त्यावर खाचांचा नट आणि कॉटर पिन. नायलॉनची कडी असलेला नट फिरत्या सांध्याला लावायचा नाही आणि इंजिनच्या उष्णतेजवळही नाही, १२० अंश सेल्सियसच्या पुढे नायलॉन भरवशाचं राहत नाही. जुना नायलॉन नट बोटांनी फिरत असेल तर तो संपलेला समजा.

हे भाग आणताना कस्टम्सची भानगड येतेच. जुलै २०२४ पासून विमानाच्या सुट्या भागांच्या आयातीवर सरसकट ५ टक्के आयजीएसटी आहे, पण तो अटींसह. तुम्ही त्या अटींत बसता का, हे माल निघण्यापूर्वी कस्टम्स एजंटला विचारा. माल गोदामात अडकल्यावर विचारून उपयोग नसतो. बीजकावर ‘हार्डवेअर’ एवढंच लिहिलेलं पार्सल आणि भागांक, विमानाचा प्रकार, वापर असं सगळं लिहिलेलं पार्सल, यांच्या नशिबात मोठा फरक पडतो. पाच छोट्या पार्सलांपेक्षा एक मोठं बरं.

मुंबईतून काय घ्यावं? हत्यारं. नागदेवीला चांगली हत्यारं मिळतात. पहिलं घ्या ते लहान मापाचं टॉर्क रेंच. एएन३ च्या नटाला २० ते २५ इंच-पौंड लागतात, म्हणजे जेमतेम २.३ ते २.८ न्यूटन मीटर. तुमच्या हाताला डिझेलच्या हेडचे बोल्ट आवळायची सवय आहे. त्या हाताच्या अंदाजाने एएन३ आवळलात तर तो ताणला जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. नायलॉन नट नुसता फिरवायला जो जोर लागतो तो आधी मोजा आणि वरच्या आकड्यात मिळवा. आवळून झालं की नट आणि पत्रा मिळून लाल रंगाची एक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली तर नट हलला. लॅमिंग्टन रोडवरून वायर मात्र आणू नका. घरगुती पीव्हीसीची वायर पेटली तर तिचा धूर केबिनमध्ये तुम्हाला काही करू देणार नाही. विमानाची टेफझेलची वायर घ्या आणि टोकं डागण्याऐवजी चांगल्या प्लायरने क्रिंप करा, कारण डागलेल्या जागी वायर कडक होते आणि थरथरीने तिथेच तुटते. कुणी ‘मरीन प्लाय आहे की’ म्हणून फ्लोअर बोर्डपुढे जाऊन आणखी कुठे आयएस ७१० चा प्लाय सुचवला तर ऐकू नका. तो पाण्यासाठी आहे, भाराच्या हिशेबासाठी नाही.

अर्धवट किट घेताना लोक फक्त काय उरलंय ते मोजतात. जे झालंय ते जास्त तपासावं लागतं. तुमचं किट कोणत्या वर्षी कारखान्यातून निघालं आणि त्यानंतर कारखान्याने कोणती सेवा-पत्रकं काढली, ही यादी मिळवा. झेनिथच्या सीएच ६०१ एक्सएल या विमानाचं काय झालं ते पाहा. काही विमानांचे पंख हवेतच मोडले. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीने एप्रिल २००९ मध्ये ही विमानं जमिनीवरच ठेवा अशी शिफारस केली. पुढे पंख मजबूत करायचा आणि एलेरॉनला, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळीला, तोलाचं वजन लावायचा संच आला. त्या सुमाराचं एखादं किट कुणाच्या मांगरात राहून गेलं असेल तर त्याच्या खोक्यात हा संच असणार नाही. तुमचं किट दुसरं असेल, पण प्रश्न तोच. म्हणून मी सुरक्षेची सुधारणा म्हटलं की सगळ्यात आधी कारखान्याने स्वतः सांगितलेली सुधारणा धरतो. बाकी सगळं नंतर.

इंजिनाचंही तसंच. रोटॅक्सच्या रबरी होज, कार्ब्युरेटरचे सॉकेट, डायफ्राम हे दर पाच वर्षांनी बदलायचे असतात, इंजिन एक तास चाललं असो वा शून्य. खोक्यात पडून राहिलेलं इंजिन नवं नसतं. तारीख पाहा, आणि वेळ उलटली असेल तर पहिल्यांदा चालू करण्याआधी रबर बदला.

इथे स्वतःचं सांगतो. बरीच वर्षं झाली. एका हलक्या विमानाच्या इंधनाची होज मी बदलली. होज योग्य होती, पण ती ज्यावर चढते तो निपल घट्ट होता आणि मी ती कोरडीच, जोर लावून चढवली. निपलच्या दात्यांनी आतल्या रबराचा एक पापुद्रा सोलला. जमिनीवर इंजिन मंद गतीला छान चाललं, फुल थ्रॉटलची चाचणीही थोडक्यात उरकली. उड्डाणानंतर तीनएकशे फुटांवर इंजिनाची ताकद पडली. पायलट चांगला होता, धावपट्टी लांब होती, समोर उतरला. होज कापली तेव्हा आत नखाएवढा पापुद्रा एका बाजूने चिकटलेला दिसला. कमी प्रवाहात तो भिंतीला पडून राही, जोराचा प्रवाह आला की उचलून वाट बंद करी. त्या दिवसापासून मी होज चढवण्याआधी आत तेलाचं बोट फिरवतो, कापतो ती धारदार पात्याने, हॅकसॉने कधीच नाही, आणि चढवून झाली की प्रवाह मोजल्याशिवाय इंजिनाला हात लावत नाही.

ती मोजणी तुम्ही कराच. कार्ब्युरेटरपाशी होज सुटी करून लिटरच्या मापात सोडा. शेपूट खाली करून नाक चढाईच्या कोनात आणा. अवघड वाटलं तर पुढच्या चाकाखाली फळ्या रचा. टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवा. ९१२ यूएलएस उड्डाणाच्या ताकदीला तासाला सुमारे २७ लिटर पितं. पंपाने पुरवठा असेल तर त्याच्या १२५ टक्के मिळायला हवं, म्हणजे जवळजवळ ३४ लिटर. एक लिटर भरायला पावणेदोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. नुसत्या उतारावर चालणारी रचना असेल तर १५० टक्के हवं. दोन्ही टाक्यांवर वेगवेगळं मोजा. हे काम उघड्यावर, गार वेळी, विमान आणि भांडं तारेने जोडून, अग्निशामक हाताशी ठेवून.

पेट्रोलवर थोडं थांबतो, कारण इथे लोक फसतात. रोटॅक्स ९१२ ला १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं. आपल्या पंपांवर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. हे दोन आकडे जुळत नाहीत. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडे जूनपासून चार महिने ओलाव्याशिवाय हवेत दुसरं काही नसतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो, नेमका जिथून इंजिन पितं तिथे. तपासायची पद्धत सोपी. शंभर मिलिलिटरच्या काचेच्या नळीत १० पर्यंत पाणी, वर ९० पेट्रोल. बूच लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. पंचवीस-अठ्ठावीसच्या आसपास चढला तर ते ई२० आहे. मग अ‍ॅव्हगॅस १०० एलएल, म्हणजे विमानाचं पेट्रोल, मिळवायची खटपट करा. सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइल ते देशातच बनवतं. त्यात शिसं असतं, म्हणून तेल बदलण्याचं अंतर कमी करा, रोटॅक्सच्या पुस्तकात ते दिलंय. फायबरची टाकी असेल तर तिचं रेझिन इथेनॉलला टिकतं का, हे किटवाल्यांना लेखी विचारा.

तुमच्या पत्रात आणखी एक वाक्य होतं : केबिनमधून पेट्रोलची नळी जाते ते धोक्याचं वाटतं, म्हणून व्हॉल्व्ह मागे हलवावा का. हलवू नका. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात गेले ते लाँग-ईझी या घरी बांधलेल्या विमानात. ते विमान त्यांनी विकत घेतलेलं होतं. मूळ आराखड्यात इंधनाचा व्हॉल्व्ह पायलटच्या पुढ्यात, दोन पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने पेट्रोल केबिनमध्ये नको म्हणून तो डाव्या खांद्यामागे नेला. टाकी बदलायची तर मान वळवून, हात मागे नेऊन फिरवायचा. हेतू सुरक्षेचाच होता. चौकशीत त्या व्हॉल्व्हची जागा अपघाताच्या कारणांत आली. तुम्हाला नळीची भीती वाटते ना, मग नळी अ‍ॅल्युमिनियमची किंवा चांगल्या होजची करा, जोड केबिनबाहेर न्या, इंजिनच्या बाजूला आग अडवणारी फायर स्लीव्ह चढवा. व्हॉल्व्ह मात्र पट्टा बांधून बसल्यावर, न बघता, डोळे मिटून हाताला लागला पाहिजे.

आता पॅराशूट की डिस्प्ले. माझं उत्तर : या वर्षी दोन्ही नको. एनटीएसबीने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास केला. त्यात इंजिन बंद पडणं आणि विमानावरचा ताबा सुटणं ही सगळ्यात मोठी कारणं निघाली, आणि सुरुवातीची उड्डाणं फार जोखमीची ठरली. त्या हिशेबाने, कारखान्याने सांगितलेली सुधारणा झाली की पहिला पैसा होज-इंधनाला. दुसरा चार पट्ट्यांच्या हार्नेसला. खांद्याचा पट्टा मागे जिथे बांधाल ती जागा खांद्याच्या पातळीला किंवा थोडी वर हवी. खाली बांधला तर धक्क्यात तोच पट्टा कणा दाबतो. तिसरा अँगल ऑफ अटॅक, म्हणजे पंखाचा समोरच्या हवेशी होणारा कोन, दाखवणाऱ्या साध्या यंत्राला आणि ओळखीच्या विमानावर घेतलेल्या प्रशिक्षणाच्या तासांना. तुम्ही समुद्राकाठी उडणार, म्हणून संकटात उपग्रहाला संदेश देणारं ४०६ मेगाहर्ट्झचं बीकन नोंदणी करून घ्या. जुन्या १२१.५ च्या बीकनचा संदेश उपग्रह १ फेब्रुवारी २००९ पासून ऐकत नाहीत, त्यामुळे स्वस्तात मिळालं म्हणून ते घेऊ नका. लाइफ जॅकेट अंगात घालूनच उडायचं, फुगवायचं बाहेर पडल्यावर.

पॅराशूटला माझा विरोध नाही. तुमच्याकडे सडा मोकळा दिसतो खरा, पण कातळावर उतरताना चाक मोडेल, आणि खाली तर कलमांच्या बागा आणि खाड्या. पण त्याची घडी आणि रॉकेट यांना मुदती असतात. बीआरएस कंपनीच्या पॅराशूटची घडी सहा वर्षांनी पुन्हा घालावी लागते, रॉकेट बारा वर्षांनी बदलायचं. विमान उडायला तीन वर्षं लागणार असतील तर आज घेतलेल्या पॅराशूटची अर्धी मुदत मांगरातच जाईल. आत रॉकेट असल्याने आयातीची परवानगीही वेगळी. म्हणून आत्ता फक्त कारखान्याने सांगितलेल्या जागी त्याच्या पट्ट्यांच्या कड्या आणि मजबुतीचे तुकडे बसवून ठेवा, पत्रा बंद होण्याआधी. डिस्प्ले तर शेवटच्या महिन्यात घ्या.

आणि गंज. प्रत्येक तुकड्याला आतून इपॉक्सी प्रायमर, जोडण्याआधी. पत्रा एकदा बंद झाला की हात पोचत नाही. कंट्रोल केबल या किनाऱ्यावर मी स्टेनलेसचीच घेईन. १/८ इंची गॅल्वनाइज्ड केबल थोडी जास्त ताकदीची असते, पण इथे तिचा मुलामा टिकत नाही. मात्र हा बदलही किटवाल्यांना विचारूनच करा. दर वर्षी सुती फडकं केबलवरून ओढा. जिथे धागा अडकेल तिथे तार तुटलीय. मांगराच्या जांभ्याच्या भिंती पावसात पाझरतात, म्हणून विमान भिंतीपासून दूर ठेवा आणि त्यावर प्लास्टिकचा ताडपत्री कागद गुंडाळू नका, आत घाम धरतो. कुंभारीण माशी वेग मोजणाऱ्या पिटो नळीत आणि टाकीच्या व्हेंटमध्ये दोन दिवसांत मातीचं घर बांधते. १९९६ मध्ये बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ अडलेल्या पिटो नळीमुळे पडलं, १८९ माणसं गेली, आणि नळी बहुधा अशाच माशीने बुजवली असावी असं चौकशीत म्हटलंय. प्रत्येक भोकाला लाल फडक्याचं बूच हवं.

डीजीसीएशी, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी, पत्रव्यवहार आजच सुरू करा. पत्रा बंद करण्याआधी कोण तपासणार हे लेखी ठरलेलं हवं. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांचं विमान २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात सगळ्यांनी पाहिलं, तरी नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं. प्रत्येक भागाचं बिल, प्रमाणपत्र, कामाचा फोटो आणि तारीख एका फायलीत लावत जा.

त्या गंजलेल्या डब्याचं राहिलं. तो मांगराच्या कोपऱ्यात ठेवू नका. रात्री उशिरा एखादा बोल्ट कमी पडतो आणि हात तिकडेच जातो. आज संध्याकाळीच सगळे बोल्ट व्हाइसमध्ये धरून एकेकाचे आटे ग्राइंडरने उडवा आणि मग भंगारात घाला.